ग्रंथालयाचा काटक कारभार



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अध्यात्म, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. आजचा विषय त्या मानाने अगदी साधा, खरे म्हणजे थोडासा हमालीचाच आहे. वाचकाने परत केलेले पुस्तक कपाटात आपल्या जागी पुन्हा कसे जाते, किती दिवसांनी जाते आणि ते लवकर जावे म्हणून काय करावे, एवढाच तो विषय. यावर तासभर बोलण्यासारखे काय आहे, असे कुणाला वाटेल. परंतु गावातले ग्रंथालय जिवंत राहते की नुसते उघडे राहते, हे बऱ्याच अंशी या एका हालचालीवर ठरते अशी आमची खात्री आहे, आणि म्हणूनच हा विषय आम्ही निवडला.

हा विषय कळंबोलीत मांडणे अधिकच सोयीचे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि तिने वसविलेल्या नव्या मुंबईत कळंबोलीच्या वाट्याला लोखंड-पोलादाचा बाजार आला. मुंबईच्या दाटीतून हा व्यापार बाहेर काढावा, हा त्यामागचा हेतू. तेव्हा माल असणे आणि माल सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथील श्रोत्यांना सांगायला नको. गिऱ्हाइकाला दहा मिलिमीटरची सळई हवी आहे. ती वखारीत आहे, वहीतही तिची नोंद आहे. पण तिच्यावर बारा मिलिमीटरचे भारे रचलेले आहेत. आधी ते उचलायचे, बाजूला ठेवायचे, खालचा माल काढायचा आणि पुन्हा वरचे भारे जागेवर लावायचे. एका मालासाठी दुबार उचल झाली, दाराशी ट्रकचा खोळंबा झाला, आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकापुरती ती सळई वखारीत असून नसल्यासारखीच.

आता ग्रंथालयात चला. वाचक एक कादंबरी मागतो. नोंद पाहिली तर ती कुणाकडे गेलेली नाही, चार दिवसांपूर्वीच परत आलेली आहे. संगणक असेल तर पडद्यावर 'उपलब्ध' असा शब्द झळकतो. कपाटापाशी जावे तर तिची जागा रिकामी. ती देवघेवीच्या टेबलामागच्या ढिगात, किंवा खिडकीत, किंवा जिन्याखाली बांधलेल्या गठ्ठ्यात असते. वाचकाला सांगण्यात येते, "दोन दिवसांनी या." दोन दिवसांनी तो येतो, पुन्हा तेच उत्तर ऐकतो आणि तिसऱ्यांदा येत नाही. मग वार्षिक सभेत आपण खेदाने म्हणतो की हल्ली वाचकच उरला नाही! तो पुस्तकापाशी आला होता. पुस्तक त्याच्यापाशी पोहोचले नाही, एवढेच.

वाचकाच्या वेळेचा हा विचार आपल्याकडे नवा नाही. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पुढे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक ठरले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. १९३५ साली त्यांनी ग्रंथालयाच्या प्रशासनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि ग्रंथपालाच्या दैनंदिन कामाची बारीकसारीक फोड केली. त्यांच्याही आधी, १९१० साली, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आपल्या संस्थानात ग्रंथालयांची चळवळ उभारली आणि वाचकाला कपाटापर्यंत मोकळेपणाने जाऊ देणारी मुक्तद्वार पद्धती तेथे सुरू झाली. तेव्हा पुस्तके कुलपात जपण्यासाठी नसून वापरण्यासाठी आहेत, हे तत्त्व आपल्याला पूर्वीच पटलेले आहे. अडते ते रोजच्या कामात. आणि रोजच्या कामाचा अभ्यास जितक्या चिकाटीने एका जपानी कारखान्यात झाला, तितका क्वचितच कोठे झाला असेल.

हा कारखाना टोयोटा मोटारींचा. १९५० साली ही कंपनी मोठ्या आर्थिक संकटात सापडली; कामगार-कपातीवरून झगडा झाला आणि अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांना राजीनामा द्यावा लागला. भांडवल थोडे, जागा थोडी, गिऱ्हाईकही थोडे. अमेरिकेसारखे एकाच नमुन्याच्या मोटारींचे डोंगर उभारणे परवडणारे नव्हते. अशा ओढगस्तीत ताइइची ओनो या अभियंत्याने कामाची एक नवी रीत बसविली. पुढे १९८८ साली एका अमेरिकन अभ्यासकाने तिला 'लीन' हे विशेषण लावले आणि १९९० नंतर ते जगभर रूढ झाले. लीन म्हणजे अंगावर चरबी नसलेला. मराठीत आपण त्याला 'काटक' म्हणू. काटक मनुष्य दुबळा नसतो. त्याच्या अंगावर अनावश्यक काही नसते, इतकेच.

ओनो यांचे म्हणणे थोडक्यात असे. जे काम गिऱ्हाइकाच्या पदरात काही टाकते, ते खरे काम. बाकीचे सगळे वाया. वाया जाण्याचे त्यांनी सात प्रकार सांगितले. गरजेपेक्षा जास्त उत्पादन, थांबून राहणे, उगाच ने-आण, नको त्या प्रक्रिया, साठा, माणसाची फुकट हालचाल आणि सदोष माल. ही यादी हातात घेऊन पुस्तकाच्या परतीच्या प्रवासाकडे पाहावे. वाचक पुस्तक टेबलावर ठेवतो. लिपिक नोंद करून ते मागे सरकवतो. तेथे ढीग होतो. ढीग मोठा झाला की शिपाई तो उचलून कोपऱ्यात नेतो. शनिवारी कुणीतरी तो जमिनीवर पसरतो, विषयवार लावतो, पुन्हा गठ्ठे बांधतो, ते कपाटांजवळ नेतो आणि मग एकेक पुस्तक जागी जाते. एकाच पुस्तकाला पाच-सहा वेळा हात लागतो. त्यांतला नोंदीचा आणि शेवटचा, फळीवर ठेवण्याचा, एवढे दोनच कामाचे. आणि प्रत्यक्ष काम काही मिनिटांचे असले, तरी पुस्तक थांबते मात्र कित्येक दिवस.

येथे सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. उशीर झाला की आपण शिपायाला म्हणतो, "जरा हात चालव." परंतु उशीर हात मंद असल्यामुळे होत नाही, थांबण्यामुळे होतो. कळंबोलीच्या चौकात वाहने अडकतात तेव्हा चालकाला गाडी वेगाने हाकता येत नाही म्हणून उशीर होतो काय? त्याचा वेळ चालण्यात जात नाही, उभे राहण्यात जातो. या थांबण्याचे एक साधे गणित आहे. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ साली ते सिद्ध केले, आणि तिसरीतल्या मुलालाही ते करता येईल. रोज येणाऱ्या पुस्तकांच्या संख्येला ती थांबतात त्या दिवसांनी गुणावे. म्हणजे कोणत्याही क्षणी ढिगात सरासरी किती पुस्तके पडून आहेत, ते कळते.

समजा, एका ग्रंथालयात रोज शंभर पुस्तके परत येतात आणि कपाटात जायला प्रत्येकाला सरासरी चार दिवस लागतात. तर चारशे पुस्तके सदैव ढिगात. ढीग रोज उपसला जातो, रोज भरतो. चारशेचा आकडा हटत नाही. तेच थांबणे अर्ध्या दिवसावर आणले, तर ढिगात राहतील पन्नास. म्हणजे एक पैही न खर्चता साडेतीनशे पुस्तके वाचकाच्या हाती आली. दोनशे रुपयांचे एक पुस्तक धरले, तर ही सत्तर हजार रुपयांची खरेदी झाली. आणि ती कोणती पुस्तके? जी नुकतीच कुणीतरी हौसेने वाचायला नेली होती, ती. कपाटात वर्षानुवर्षे झोपलेल्या हजारो पुस्तकांत जागी असलेली पुस्तके हीच, आणि नेमकी तीच आपण ढिगात कोंडून ठेवतो.

वाचकांना ही गोष्ट आपल्यापेक्षा आधी कळलेली असते. कोणत्याही मराठी ग्रंथालयात संध्याकाळी जाऊन पाहा. जाणता सभासद कपाटाकडे वळतच नाही. तो टेबलावरच्या परतीच्या ढिगात हात घालतो. "हे आत्ताच आलंय का? मग मलाच द्या," असे म्हणून घेऊन जातो. पुष्कळ ठिकाणी त्याला दटावले जाते, की बाबा, नोंद व्हायची आहे, हात लावू नका. आम्ही म्हणतो, दटावू नका, त्याच्याकडून शिका.

याहून मोठा दाखला आपल्या घरचाच आहे, आणि तो म्हणजे दिवाळी अंकांचा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा मराठी माणसाच्या अंगवळणी पडली. ग्रंथालये दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात, आणि त्या दिवसांत तेच टेबल, तोच लिपिक आणि तोच शिपाई असूनही कारभार कसा बदलतो ते पाहा. परत आलेला अंक कपाटात जात नाही, गठ्ठ्यात जात नाही. समोर मांडला जातो आणि पुढचा वाचक तो तत्काळ उचलतो. अंक थांबला तर वर्गणीदार बोलतील, हे सर्वांना ठाऊक असते. ओनो यांना अमेरिकेतील स्वयंसेवेच्या दुकानांतून जी कल्पना सुचली, की गिऱ्हाइकाने उचलावे आणि उचलले तेवढेच मागून भरावे, ती आपण दरवर्षी कार्तिक-मार्गशीर्षात पाळतोच. प्रश्न एवढाच, की तीन महिने जमते ते उरलेले नऊ महिने का जमू नये?

ते जमविण्यासाठी काय करावे? पहिली गोष्ट, पाहावे. ओनो आपल्या हाताखालच्या माणसाला कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यात तासन् तास उभे करीत, अशी गोष्ट सांगतात. कार्यकारी मंडळाच्या सभासदांनी असे एक संध्याकाळ देवघेवीच्या टेबलापाशी उभे राहावे. काही बोलू नये, कुणाला रागावू नये. परत आलेल्या वीस पुस्तकांत चिठ्ठ्या घालाव्यात, त्यांवर परतीची तारीख लिहावी, आणि पुस्तक फळीवर जाईल तेव्हा दुसरी तारीख लिहावी. आपल्या ग्रंथालयाचा आकडा हाती आला की निम्मे भांडण मिटते.

दुसरी गोष्ट, ढीग मुळात होऊच देऊ नये. पुस्तक परत घेतानाच ते विषयवार लावावे. टेबलाजवळ खणांची ढकलगाडी असावी. कादंबरी एका खणात, चरित्रे दुसऱ्यात, बालवाङ्मय तिसऱ्यात. लिपिकाला पुस्तक मागे ठेवायचेच असते. ते योग्य खणात ठेवायला वेगळा वेळ लागत नाही. मुंबईचे डबेवाले हेच करतात. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांच्यापासून सुरू झालेला हा व्यवसाय शेवटी सगळे डबे एकत्र करून निवडीत बसत नाही. प्रत्येक स्टेशनावर थोडी थोडी निवड होते, आणि डब्यावरची रंगीत खूण पाहताच तो कोणाच्या हाती द्यायचा ते समजते. पुस्तकाच्या पाठीवर विषयाप्रमाणे रंगाची पट्टी लावली, तर वर्गीकरण न शिकलेल्या नव्या शिपायालाही पुस्तक कोणत्या कपाटाचे ते लांबून कळेल, आणि चुकीच्या कपाटात गेलेले पुस्तक आपण होऊन डोळ्यांत खुपेल.

तिसरी गोष्ट, थोडे थोडे आणि वारंवार. शनिवारी चारशे पुस्तके लावण्यापेक्षा तासातासाला वीस लावावीत. वीस पुस्तके टेबलाच्या कोपऱ्यावर नजरेनेच क्रमाने लागतात. चारशेंना जमीन लागते, उकिडवे बसावे लागते, कंबर धरते, आणि कंटाळलेला हात शेवटची पन्नास कोठेतरी खुपसून मोकळा होतो. ज्या पुस्तकांना फार मागणी आहे, ती कपाटात नेऊच नयेत. 'आज परत आलेली पुस्तके' अशी पाटी लावून दाराजवळ एक उघडी मांडणी ठेवावी. त्यांतली बरीचशी त्याच संध्याकाळी परस्पर निघून जातील आणि तेवढी ने-आण वाचेल.

चौथी गोष्ट जागेची. काठोकाठ भरलेल्या फळीत एक पुस्तक घालायचे तर दहा सरकवावी लागतात, शेवटचे खालच्या फळीवर उतरवावे लागते, आणि मग त्या फळीचीही तीच कथा. म्हणून प्रत्येक फळीचा काही भाग मोकळा सोडावा. जागा वाया गेली असे वाटेल. वस्तुतः तिच्यामुळे हात मोकळा राहतो. ग्रंथालय वाढत जाणार हे रंगनाथनांनी पाचव्या सूत्रात सांगूनच ठेवले आहे. मागणी असलेली पुस्तके कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर ठेवावीत. क्वचित लागणारी वर गेली तरी चालतील. दिवसातून तीस वेळा घोड्यावर चढायला लावणे ही त्या माणसाच्या गुडघ्यांची उधळपट्टी आहे.

पाचवी गोष्ट चुकीच्या जागी गेलेल्या पुस्तकाची. हा प्रकार सर्वांत घातक. कारण पंधरा हजार पुस्तकांत भलत्या फळीवर गेलेले पुस्तक चोरीला गेल्यासारखेच असते. किइचिरोंचे वडील साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्णत्वाला नेलेला माग धागा तुटला की आपोआप थांबत असे, म्हणजे सदोष कापड पुढे विणलेच जात नसे. हेच तत्त्व आपल्याकडे आणावे. वर्षातून एकदा साठा-पडताळणीच्या वेळी हरवलेल्यांची यादी करण्यापेक्षा, रोज दार उघडण्यापूर्वी पंधरा मिनिटे एकेक कपाट क्रमाने वाचून काढावे. चुकलेले पुस्तक सापडले की ते चुकले कसे, असे पुन्हा पुन्हा विचारावे. येथे का ठेवले? वाचकाने ठेवले. वाचकाने का ठेवले? चाळून झाल्यावर ठेवायला दुसरी जागा नव्हती. म्हणजे उपाय दटावणीच्या पाटीत नाही. कपाटाच्या टोकाला एक छोटे मेज ठेवण्यात आहे. दोष माणसात शोधू नये, मांडणीत शोधावा, हे या विद्येचे मर्म आहे.

आता दोन इशारे देणे आम्ही कर्तव्य समजतो. काटक कारभार हा शब्द ऐकताच काही व्यवस्थापकांच्या डोळ्यांत एक निराळीच चमक येते. काम लवकर होते ना? मग एक माणूस कमी करू! महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अ, ब, क, ड वर्गांतील शासनमान्य ग्रंथालये खेडोपाडी उभी राहिली. पण त्यांतील सेवकांचे वेतन ही त्यांची जुनी दुखरी जागा आहे. अशा सेवकाच्या पोटावर पाय देऊन जो वेळ वाचेल, तो वाचलेला नव्हे, लुटलेला समजावा. शिवाय ते व्यवहाराचेही नाही. सुधारणा सुचविली म्हणून ज्याची नोकरी जाते, त्याच्या शेजारचा माणूस पुन्हा कधी काही सुचवणार नाही. कळंबोलीच्या बाजारात माथाडी कामगार आहेत. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनंतर १९६९ साली त्यांच्यासाठी कायदा झाला, कारण ओझे वाहणाऱ्यालाही हक्क असतो हे समाजाला तेव्हा मान्य करावे लागले. पुस्तकांचे ओझे वाहणारा त्याला अपवाद नाही. वाचलेला वेळ त्याला वाचकाशी बोलायला, मुलांना गोष्टीची पुस्तके काढून द्यायला आणि स्वतः वाचायला मिळाला पाहिजे. 'काय वाचू?' असे विचारणाऱ्या मुलाला उत्तर देणारा सेवक ज्या ग्रंथालयात आहे, ते ग्रंथालय मरत नाही.

दुसरा इशारा साठ्याविषयी. कारखान्यात साठा हा दोष. वखारीत दहा वर्षे न खपलेले पोलाद हा अडकलेला पैसा. पण दहा वर्षे कुणी न मागितलेले पुस्तक ही अडगळच असेल, असे नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, तेव्हा जुन्या घरांतून पडलेली दप्तरे अनेकांच्या लेखी रद्दीच होती. त्याच कागदांतून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने बाहेर आली. कोणी मागत नाही म्हणून ते कागद आधीच विकले गेले असते, तर मराठ्यांच्या इतिहासातील कितीतरी पाने कायमची कोरी राहिली असती. तेव्हा मोटारीचा नियम पुस्तकाला जसाच्या तसा लावू नये. जी पुस्तके चालती आहेत त्यांची चाल वाढवावी. जी स्वस्थ बसली आहेत त्यांना वरच्या फळीवर, कोरड्या जागी, नीट नोंदून बसू द्यावे. चालत्या पुस्तकांचा ढीग मोडणे हे काटकपण. बसलेल्या पुस्तकांना रद्दीत घालणे हा निव्वळ आळस, कारण निवड करण्याचे कष्ट त्यात टाळलेले असतात.

श्रोतेहो, ग्रंथालयासाठी इमारत हवी, अनुदान हवे, नवी खरेदी हवी, हे सर्व खरे आहे आणि त्यासाठी भांडलेही पाहिजे. परंतु ते सारे येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. खणांची एक ढकलगाडी, रंगीत पट्ट्यांची काही भेंडोळी, दारापाशी एक उघडी मांडणी आणि सकाळची पंधरा मिनिटे, एवढ्या भांडवलावर उद्यापासून आरंभ करता येतो. आपल्यापैकी जे सभासद आहेत त्यांनी पुढच्या खेपेला पुस्तक परत करताना एक प्रश्न जरूर विचारावा, "हे आता कपाटात कधी जाणार?" तो रागाने विचारू नये, आपुलकीने विचारावा, आणि उत्तर ऐकून, वेळ असेल तर, दहा पुस्तके स्वतःच्या हाताने जागेवर लावून यावे. परत केलेल्या पुस्तकाची वाट पाहणारा पुढचा वाचक आपल्या ओळखीचा नसतो. त्याला ते पुस्तक वेळेवर मिळावे, याची काळजी मात्र आपल्याला घेता येते.